माफिया गरिबीतून जन्मली की पैशातून? (सिसिली, नेपल्स, कालाब्रिया)

केदार_वाचतोय

मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावं सावरकरांमुळे मराठी घरांत शंभराहून अधिक वर्षं ओळखीची आहेत. १८६० च्या मे महिन्यात गॅरिबाल्डी हजारभर स्वयंसेवक घेऊन सिसिलीत मार्सालाला उतरला, दक्षिण इटलीवरची बूर्बाँ घराण्याची राजवट कोसळली, १८६१ मध्ये इटलीचं राज्य जाहीर झालं, इथपर्यंतची गोष्ट आपण आवडीने वाचतो. पुढची वाचत नाही. १८६५ मध्ये पालेर्मोच्या प्रीफेक्टने (साधारण आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखं पद) सरकारला पाठवलेल्या अहवालात 'माफिया' नावाच्या गुन्हेगारी संघटनेचा उल्लेख केला. नव्या देशाला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती.

गरिबी, निरक्षरता, शतकानुशतकं परक्यांची सत्ता आणि त्यातून आलेला सूडाचा स्वभाव, हे कारण सगळीकडे वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. गरिबीच कारण असती तर सिसिलीच्या प्रत्येक उपाशी गावात माफिया दिसली असती. सुरुवातीच्या नोंदींत ती सर्वांत ठळक दिसते ती पालेर्मोच्या वेशीवरच्या बागांत, बेटावरच्या सगळ्यात महागड्या जमिनीवर. १८७६ मध्ये लिओपोल्दो फ्रांकेत्ती हा तस्कनीचा तरुण जमीनदार मित्राबरोबर स्वखर्चाने सिसिलीत चौकशीला गेला. त्याने या प्रकाराला 'हिंसेचा उद्योग' म्हटलं. म्होरक्या भांडवल लावतो, माणसं कामाला लावतो, नफा-तोटा बघतो, असं त्याचं वर्णन आहे. हे वर्णन उपाशी माणसांचं वाटत नाही.

तुम्हाला काय वाटतं? आणि पुढचा प्रश्न: सिसिलीतून ही कीड बाहेर कशी पसरली? माणसांनी सोबत नेली, की जिथे जागा मिळाली तिथे ती उगवली?

तात्या_सांगलीकर

केदार, विषय चांगला काढलास. पण सरंजामशाहीला वगळून चालणार नाही. सिसिलीत ती कायद्याने १८१२ मध्ये संपली. त्याआधी प्रत्येक सरदाराकडे स्वतःची हत्यारबंद माणसं असत आणि आपल्या मुलखात न्यायही तोच करी. कायद्याने तो अधिकार काढून घेतला आणि सरकारला दिला. सरकार मात्र गावात पोचलंच नाही. जमीन विकत घेता येऊ लागली, मालक वाढले, आणि प्रत्येकाला राखणदार हवा झाला.

मोठे जमीनदार स्वतः पालेर्मोत हवेलीत राहत. जमीन ते गाबेल्लोतो नावाच्या मक्तेदाराला खंडाने देत. हा मक्तेदार कांपिएरी म्हणजे घोड्यावरचे बंदूकधारी राखणदार ठेवी आणि कुळांना पिळून काढी. वर मालकाला दबकावायचं, खाली कुळाला. कितीतरी म्होरके या मधल्या थरातून आले आहेत. कुळांची भूक खरी होती, ती विसरू नकोस. १८९० नंतर 'फाशी' नावाच्या शेतकरी-कामगार संघटना उभ्या राहिल्या (मुसोलिनीच्या पक्षाशी त्यांचा संबंध नाही), तेव्हा त्यांना चिरडायला काही जमीनदारांनी याच माणसांची मदत घेतली. १८९४ मध्ये सरकारने लष्कर पाठवून उरलेलं काम केलं.

रानजाई

थोडक्यात, सरदारांच्या पदरी असलेले बंदूकवाले मोकळे झाले आणि त्यांनी स्वतःचं दुकान काढलं.

बागायतदार_श्रीगोंदा

नमस्कार मंडळी. मी इतिहासातला माणूस नाही, पण आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या लिंबू आहे. केदारभाऊंनी पालेर्मोच्या बागा म्हटलं म्हणून शोधून वाचलं, तर त्या लिंबा-संत्र्याच्याच बागा. मग मला तरी कोडं पडलं नाही.

लिंबाची बाग लावली की चार-पाच वर्षं नुसता खर्च. विहीर, मोटार, खत, मजुरी. एकदा धरायला लागली की पैसा देते, पण तोवर माणूस कर्जात असतो. ज्वारी चोरायची तर रात्रभर कापावी लागेल, तोडलेली लिंबं पोत्यात भरून तासाभरात गायब होतात. आणि कुणाला सूड उगवायचा असेल तर रात्रीत वीस झाडं बुंध्यातून तोडून जातो. त्यात वीस झाडं जात नाहीत, तुमची पाच वर्षं जातात. अशा मालकाला भीती घालणं सोपं असतं.

दुसरं पाण्याचं. आम्ही झाडाला ताण देतो. पाणी तोडायचं, पानं गळायला लागली की पुन्हा सोडायचं, म्हणजे बहार फुटतो. हस्त बहार साधला तर उन्हाळ्यात फळ येतं आणि भाव मिळतो. सिसिलीतही तसंच करतात हे वाचून मला लई आनंद झाला. भर उन्हाळ्यात पाणी तोडून मग देतात आणि पुढच्या उन्हाळ्यात हिरवं लिंबू घेतात, 'वेरदेल्ली' म्हणतात त्याला. आता विचार करा, ताण तोडायच्या आठवड्यात पाटावरचा माणूस म्हणाला, पाणी नाही देत, तर? वर्षाचं पीक गेलं. ज्याच्या हातात पाण्याची दांडी, त्याच्या हातात बागवाला.

केदार_वाचतोय

श्रीगोंदेकर दादा, इतकं नेमकं मला पुस्तकांतही मिळालं नव्हतं. पालेर्मोभोवतीच्या त्या पट्ट्याला कोंका द'ओरो म्हणतात. पाणी वाटणाऱ्यांना तिथे फोंतानिएरी म्हणत आणि माफियाने ही कामं ठरवून आपल्या माणसांच्या हातात ठेवली होती.

पैशाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. ब्रिटिश आरमाराने १७९५ पासून खलाशांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून लिंबाचा रस द्यायला सुरुवात केली आणि मागणी वाढत गेली. १८६० च्या सुमारास सिसिलीच्या लिंबाच्या बागा युरोपातली सर्वांत फायदेशीर शेतजमीन मानल्या जात, पॅरिसभोवतीच्या फळबागांपेक्षाही वरचढ. १८८० च्या दशकात न्यूयॉर्कला दरवर्षी सुमारे पंचवीस लाख पेट्या इटालियन लिंबूवर्गीय फळं उतरत होती, त्यातली बहुतेक पालेर्मोची.

एका माणसाची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. डॉ. गास्पारे गालाती हे पालेर्मोचे शल्यचिकित्सक. १८७२ मध्ये घरच्यांच्या वारशातली एक लिंबाची बाग सांभाळायला त्यांच्याकडे आली. कारोल्लो नावाचा राखणदार विक्रीतला मोठा वाटा खायचा, झाडावरची लिंबंही चोरायचा. बाग तोट्यात घालून स्वस्तात लाटायची, हा त्याचा डाव. डॉक्टरांनी त्याला काढला. नव्या राखणदाराला १८७४ मध्ये बागांमधल्या वाटेवर गोळ्या घालून मारलं. मग धमकीची पत्रं सुरू झाली. पोलिसांत जाऊन उपयोग झाला नाही. १८७५ मध्ये डॉक्टर घर, दवाखाना, रुग्ण, सगळं सोडून कुटुंबासह नेपल्सला निघून गेले आणि तिथून गृहमंत्र्यांना सविस्तर निवेदन लिहिलं. शेजारचं उदितोरे हे गाव उणंपुरं आठशे वस्तीचं. तिथे १८७४ या एका वर्षात तेवीस खून झाले होते, असं त्यांनी नोंदवलंय.

स्नेहल_न

वाचून गलबलून आलं. घर सोडून जाताना त्या माणसाला काय वाटलं असेल. आणि गृहमंत्र्यांपर्यंत सगळं पोचूनही काही झालं नाही, म्हणजे १८७५ मध्येच सरकारला पक्कं माहीत होतं. 'आम्हाला कल्पना नव्हती' असं पुढे कुणालाही म्हणता येणार नाही.

तात्या_सांगलीकर

बागा मान्य. पण बेटाच्या आतल्या भागात, आग्रिजेंतो आणि काल्तानिसेत्ताकडे, लिंबू नव्हतं. तिथे गंधकाच्या खाणी होत्या. एकोणिसाव्या शतकात जगाचं बहुतांश गंधक सिसिलीतून जायचं. लहान लहान पोरं पाठीवर खनिज वाहून वर आणायची. तिथेही माफिया होती.

केदार_वाचतोय

तात्या, त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं. गंधक म्हणजेही निर्यातीचा रोख पैसाच.

तात्या_सांगलीकर

पैसा होता, आणि त्या पैशाखाली भुकेली पोरं होती. राखणदार आणि मारेकरी बनायला तयार असलेली तरुण मुलं श्रीमंतांच्या घरांतून येत नव्हती. मी माझा मुद्दा सोडत नाही.

नीरज_पूर्वी_नेपल्स

नेपल्सला काही वर्षं शिकायला होतो म्हणून लिहितो. लिंबू, गंधक, जमीन, यातलं काहीच कामोर्राला, म्हणजे नेपल्सच्या माफियाला, लागू पडत नाही. कामोर्रा शहरातली आणि तुरुंगातली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेपल्सच्या तुरुंगांत नवा कैदी आला की कामोर्रिस्ता (कामोर्राचा माणूस) त्याच्याकडून 'मादोन्नाच्या दिव्याच्या तेलासाठी' पैसे मागायचा. म्हणजे मदर मेरीच्या नावाने हप्ता. तुरुंगातून सुटलेल्यांनी हीच पद्धत बाजारात, जुगाराच्या अड्ड्यांवर आणि शहरात येणाऱ्या मालावर आणली.

१८६० च्या उन्हाळ्यात तर कहर झाला. गॅरिबाल्डी नेपल्सकडे येत होता, बूर्बाँचे पोलीस पळून गेले होते. पोलीसखातं सांभाळणाऱ्या लिबोरियो रोमानोने शहरात लूटमार होऊ नये म्हणून कामोर्राच्या म्होरक्यांनाच पोलीस करून टाकलं. गॅरिबाल्डी ७ सप्टेंबरला आला तेव्हा रस्त्यावर बंदोबस्ताला तेच होते. त्यांनी मग जकातीचा पैसा आपल्याकडे वळवला. पुढच्या सरकारला त्यांना आवरायला पकडापकडी करावी लागली.

तिथे मी जे पाहिलं त्यात श्रीमंतांचा थाट कमी आणि कोंडमारा जास्त होता. शहराच्या उत्तरेला स्कांपिया आणि सेकोंदिल्यानोच्या वस्त्यांत २००४-०५ मध्ये टोळीयुद्धात कितीतरी तरुण मेले. माझ्या वर्गातली एक मुलगी तिकडची होती. ती पत्ता सांगताना नेहमी अलीकडच्या स्टेशनचं नाव सांगायची.

चिंटू_चिपळूण

म्हणजे सिसिलीत लिंबाला नजर लागली आणि मिरची कालाब्रियात राहिली. दोन्ही एकत्र बांधून दारावर टांगली असती तर इटली वाचली असती! (कालाब्रियाची मिरची खरंच प्रसिद्ध आहे, मी आणून खाल्ली आहे.)

विनया_र

चिंटू, हसले. पण इटलीच्या दक्षिण टोकाच्या कालाब्रियाचं नाव काढलंस तर त्यावरच लिहिते, कारण आज सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत दूरवर पसरलेली टोळी तिथलीच आहे: न्द्रांगेता. कोझा नोस्त्राने, म्हणजे सिसिलीच्या माफियाने, देशाशी उघड युद्ध केलं म्हणून तिचं नाव झालं. ही गप्प राहून वाढली.

त्यांची एक दंतकथा आहे. ओस्सो, मास्त्रोस्सो आणि कार्कान्योस्सो हे तीन स्पॅनिश भाऊ बहिणीच्या अब्रूसाठी खून करून पळाले, फाविन्याना बेटावर एकोणतीस वर्षं लपले आणि बाहेर पडून माफिया, कामोर्रा आणि न्द्रांगेता या तिन्ही संघटना स्थापन केल्या. सगळी बनावट, पण दीक्षाविधीत अजून सांगतात. खऱ्या नोंदी १८८० च्या दशकापासूनच्या आहेत, आणि नीरज म्हणतो तशा तुरुंगांतून सुटलेल्या माणसांच्याच.

घडण मात्र वेगळी. एक कुटुंब म्हणजे एक न्द्रिना. मुलगा, जावई, चुलतभाऊ, सगळे रक्ताच्या किंवा सोयरिकीच्या नात्यातले. पोलिसांना माहिती द्यायची म्हणजे बापाला नाहीतर भावाला तुरुंगात पाठवायचं, म्हणून माफीचे साक्षीदार फार कमी. १९७० आणि ८० च्या दशकांत अपहरणांतून पैसा उभा केला. १९७३ मध्ये रोममधून तेलसम्राट गेटी यांचा सोळा वर्षांचा नातू उचलला, कान कापून पाठवला, तेव्हा घरच्यांनी खंडणी दिली. असा पैसा आधी ट्रक आणि बांधकामात गेला, मग कोकेनमध्ये. १९९५ मध्ये सुरू झालेलं जोया ताउरोचं कंटेनर बंदर त्यांच्या अंगणातच.

जगाने त्यांची दखल घेतली १५ ऑगस्ट २००७ ला. जर्मनीत डुइसबुर्गला एका इटालियन रेस्टॉरंटबाहेर सहा जणांना गोळ्या घातल्या. भांडण सान लुका या डोंगरातल्या छोट्या गावातल्या दोन घराण्यांचं, आणि त्याची सुरुवात १९९१ च्या कार्निव्हलमध्ये अंडी फेकण्यावरून झाली होती.

निवृत्त_बँकवाला

मी बँकेत आयुष्य काढलं, म्हणून एका सहकाऱ्याबद्दल लिहितो. हो, मी त्यांना सहकारीच मानतो. एमानुएले नोतारबार्तोलो. पालेर्मोचे माजी महापौर, नंतर बँक ऑफ सिसिलीचे प्रमुख. संचालक मंडळातल्या राजकारण्यांनी मित्रांना वाटलेली कर्जं त्यांनी उघड करायला सुरुवात केली. १ फेब्रुवारी १८९३ ला रेल्वेच्या डब्यात त्यांना भोसकून मारलं आणि प्रेत रुळावर फेकलं. संशय खासदार राफाएले पालित्सोलोवर. १९०२ मध्ये शिक्षा झाली, ती रद्द झाली, १९०४ मध्ये तो सुटला आणि पालेर्मोत त्याचं मिरवणुकीने स्वागत झालं!

केदारराव, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. राखणदार आणि पाणीवाला ही खालची फळी. वर खासदार, संचालक, मोठे वकील नसते, तर पहिल्या दहा वर्षांतच संपली असती.

न्यूजर्सीचा_बाळ्या

पसरण्याबद्दल अमेरिकेकडून. सगळ्यात आधी हे लिहितो की इथे आलेले लाखो इटालियन गवंडी, हमाल, शिंपी, भाजीवाले होते आणि माफियाच्या नावाने त्यांनीच सोसलं. न्यू ऑर्लिन्सला १८९० मध्ये पोलीसप्रमुखाचा खून झाला. खटल्यात कुणालाच दोषी धरलं नाही, तरी १४ मार्च १८९१ ला जमावाने तुरुंग फोडून अकरा इटालियनांना ठार मारलं. माझे शेजारी सिसिलियन वंशाचे आहेत. आजही कुणी आडनाव ऐकून हसत 'माफिया का?' विचारलं की आजोबांचा चेहरा उतरतो.

न्यूयॉर्क पोलिसांतला जो पेत्रोसिनो स्वतः इटलीत जन्मलेला. गुन्हेगारांच्या नोंदी गोळा करायला तो पालेर्मोला गेला आणि १२ मार्च १९०९ ला भर चौकात मारला गेला. तोवर इथल्या टोळ्या म्हणजे आपल्याच लोकांना धमकीची चिठ्ठी टाकून पैसे उकळणारे भुरटे. त्यांना मोठं केलं ते १९२० ते १९३३ च्या दारूबंदीने. मागणी तशीच आणि कायदेशीर दुकान बंद. १९३१ मध्ये लकी लुचियानोने जुने म्होरके संपवून न्यूयॉर्कच्या पाच घराण्यांसह एक मंडळ बसवलं.

म्हणून मी म्हणेन, माणसं आली होती पण धंदा इथे उगवला.

तात्या_सांगलीकर

दारूबंदीच्याच सुमारास मुसोलिनीने प्रीफेक्ट चेझारे मोरीला पाठवून सिसिलीतली माफिया संपवली होती. १९४३ मध्ये अमेरिकन उतरले आणि लुचियानोच्या मदतीने ती परत बसवली, असं मी अनेकदा वाचलंय.

केदार_वाचतोय

तात्या, दोन्ही अर्धीच खरी. मोरीने १९२५ ते १९२९ मध्ये हजारो लोक पकडले. १९२६ च्या जानेवारीत गांजी गावाला वेढा घालून बायका-मुलांना ओलीस धरलं. निरपराधही भरडले गेले. पण तपास वरच्या थरापर्यंत पोचू लागला तेव्हा त्याला निवृत्त केलं. म्हणजे माफिया दबली, मुळं तशीच राहिली. लुचियानोने सिसिलीवरची चढाई यशस्वी केली याला पुरावा नाही. खरं इतकंच की लष्करी प्रशासनाला फॅसिस्ट नसलेले महापौर घाईने हवे होते आणि विल्लाल्बात कालोजेरो विझ्झिनीसारखे म्होरके त्या खुर्चीत बसले.

पांथस्थ

एवढं सगळं खरं असलं तरी जुन्या माफियाला काही नियम होते. बायका-मुलांना हात लावत नसत. गरिबाला न्याय मिळायचा. आजच्या गुंडांपेक्षा बरे.

विनया_र

पांथस्थ, हे त्यांनी स्वतःच पसरवलेलं आहे आणि सिनेमाने रंगवलंय. १ मे १९४७ ला पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्रा इथे कामगार दिनाला कुटुंबं डबे घेऊन जमली होती. साल्वातोरे जुलियानो या दरोडेखोराच्या टोळीने डोंगरावरून गोळीबार केला. अकरा मेले, त्यात मुलं होती. त्याच्या मागे माफिया आणि जमीनदार होते, असं तिथले लोक आजही मानतात. पुढच्या वर्षी कोर्लेओनेत शेतकरी नेता प्लाचिदो रिझ्झोत्तोला मारून दरीत टाकलं. त्याच्या अस्थींची ओळख पटायला २०१२ उजाडलं.

आणि जुझेप्पे दी मात्तेओ. वय बारा. बाप साक्षीदार झाला म्हणून नोव्हेंबर १९९३ मध्ये पळवला, दोन वर्षांहून जास्त कोंडून ठेवला, जानेवारी १९९६ मध्ये गळा दाबून मारला आणि प्रेत आम्लात विरघळवलं. घोड्यांवर जीव होता त्या मुलाचा. कसले नियम?

स्नेहल_न

विनयाताई, धन्यवाद. हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं.

मुग्धा_तोरिनो

उत्तर इटलीत राहते, पसरण्याबद्दल माझं निरीक्षण. इटलीत १९५६ आणि १९६५ च्या कायद्यांनी संशयितांना गावापासून दूर सक्तीने राहायला पाठवत, बरेचदा उत्तरेत. कल्पना अशी की मुळापासून तोडलं की झाड वाळेल. इथून जवळच बार्दोनेक्किया हे बर्फावरच्या खेळांचं गाव आहे. १९६० च्या दशकात तिथे बांधकामाची लाट होती, बेकायदा मजूर लागत होते, आणि कालाब्रियाहून आलेल्या माणसाने मजूर आणि ट्रक दोन्ही हातात घेतले. १९९५ मध्ये माफियाच्या शिरकावामुळे तिथली नगरपरिषद बरखास्त झाली. उत्तरेतली ती पहिली.

पण असेच लोक व्हेरोनालाही पाठवले होते. तिथे त्यांनी मूळ धरलं नाही. म्हणून बाळ्यादादांशी सहमत: माणूस गेला म्हणून टोळी उभी राहत नाही. बाजार असा लागतो जिथे कायदेशीर मार्गाने तंटा सुटत नाही किंवा कुणाला स्पर्धक नको असतो.

तोरिनोच्या न्यायालयाच्या इमारतीला ब्रूनो काच्चा यांचं नाव आहे. ते इथले मुख्य सरकारी वकील. २६ जून १९८३ च्या रात्री कुत्र्याला फिरवताना न्द्रांगेताने त्यांना मारलं. खून घडवणाऱ्याच्या कुटुंबाचं शेतघर सरकारने जप्त केलं आणि आज त्यावर काच्चा दांपत्याचं नाव आहे. तरुण मुलं तिथे मधमाश्या पाळतात. तिथला मध मी घरी आणते.

ॲड_कुलकर्णी_नागपूर

जप्तीचा विषय मुग्धाताईंनी काढला, त्यामागचा कायदा सांगतो. १९८२ पर्यंत इटलीत माफियाचा सदस्य असणं हा वेगळा गुन्हा नव्हता. खासदार पिओ ला तोर्रे यांनी विधेयक मांडलं: सदस्यत्व हाच गुन्हा आणि मालमत्तेवर टाच. ३० एप्रिल १९८२ ला त्यांना चालकासह मारलं. ३ सप्टेंबरला पालेर्मोचे प्रीफेक्ट जनरल दाल्ला किएझा यांना पत्नीसह मारलं. दहा दिवसांनी कायदा मंजूर झाला. दंडसंहितेचं कलम ४१६ बिस ते हेच.

आपल्याकडे मकोका १९९९ चा. त्यात मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं हवीत. इटलीच्या कलमात तशी अट नाही. टोळीच्या नुसत्या नावाची दहशत, त्यातून येणारी ताबेदारी आणि गप्प राहणं, यांचा वापर करून धंदा-ठेके मिळवले हे सिद्ध करायचं. उलट मकोकात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य धरतात, आणि वकील म्हणून मला त्याची काळजी वाटते. पालेर्मोचे तपास न्यायाधीश जोवान्नी फाल्कोने यांनी कबुलीवर विसंबून काम केलं नाही. बँकेचे धनादेश, परकीय चलनाच्या पावत्या एकेक करून जुळवल्या. १९८४ पासून माफियातलाच तोम्मासो बुशेत्ता बोलू लागला, त्याचं म्हणणं त्यांनी कागदांशी ताडून पाहिलं. १९८६ मध्ये तुरुंगाला लागून खास बांधलेल्या न्यायालयात ४७५ आरोपींचा खटला उभा राहिला. डिसेंबर १९८७ मध्ये तीनशेहून जास्त जणांना शिक्षा झाली आणि ३० जानेवारी १९९२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकालाचा गाभा कायम केला.

त्याच वर्षी २३ मे ला कापाचीजवळ महामार्ग उडवून फाल्कोने, त्यांच्या पत्नी फ्रान्चेस्का आणि तीन रक्षकांना मारलं. १९ जुलैला त्यांचे सहकारी न्यायाधीश बोर्सेल्लिनो आणि पाच रक्षक. मी तेव्हा वकिली नुकतीच सुरू केली होती. वर्तमानपत्रातला तो फोटो कापून ठेवलेला अजून माझ्याकडे आहे.

बागायतदार_श्रीगोंदा

कुलकर्णी साहेब, वाचून मान झुकली. मला एक सांगा कुणीतरी, त्या पालेर्मोच्या बागा आज आहेत का?

केदार_वाचतोय

दादा, बहुतेक गेल्या, आणि त्या माफियानेच संपवल्या. १९५० आणि ६० च्या दशकांत साल्वो लीमा महापौर आणि वीतो चान्चीमीनो बांधकामखातं सांभाळत होता. १९५९ ते १९६३ मध्ये चार हजारांहून जास्त बांधकाम परवाने निघाले आणि त्यातले बहुसंख्य मोजक्या चार-पाच नावांवर. ती माणसं बिल्डर नव्हतीच, पुढे केलेली नावं होती. बागा तोडून सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या. चाकुल्लीकडे थोड्या बागा उरल्यात, उशिरा पिकणाऱ्या गोड मँडरिनच्या. त्याच चाकुल्लीत ३० जून १९६३ ला मोटारीतल्या बॉम्बने पोलीस आणि लष्कराचे सात जण गेले होते.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. इतकं वाचून मी असं म्हणेन की जन्म पैशाजवळच झाला, सिसिलीत तरी. बागा, गंधक, नंतर बांधकाम, नंतर अमली पदार्थ: पैसा सरकला तशी टोळी सरकली. तात्यांची भूक तिला माणसं पुरवत राहिली आणि बँकवाले काका म्हणतात तो वरचा थर तिला वाचवत राहिला. नेपल्सला मात्र नीरजचं म्हणणं बरोबर, तिथे तुरुंगापासूनच सुरुवात करावी लागेल.

तात्या_सांगलीकर

भुकेला तिसऱ्या वाक्यात जागा दिलीस, तेवढ्यावर आज समाधान मानतो. फाशी आंदोलनावर वेगळा धागा काढतो, तिथे भांडू.

नीरज_पूर्वी_नेपल्स

काढाच तात्या. तिथे १९८० च्या इर्पिनिया भूकंपाबद्दलही लिहीन. पुनर्बांधणीच्या पैशावर कामोर्रा किती फुगली ते या धाग्यात आलंच नाही.

स्नेहल_न

आम्ही मार्चमध्ये सिसिलीला जातोय. पर्यटक म्हणून नकळत आपलेही पैसे त्यांच्याकडेच जात असतील का? टाळायचं कसं?

मुग्धा_तोरिनो

स्नेहल, १९९१ मध्ये लिबेरो ग्रास्सी या कापड-कारखानदाराने वर्तमानपत्रात खुलं पत्र लिहून हप्ता द्यायला नकार दिला. बाकीचे व्यापारी त्यांच्यामागे उभे राहिले नाहीत. त्याच वर्षी २९ ऑगस्टला घराबाहेर त्यांना मारलं. २००४ मध्ये पालेर्मोतल्या काही तरुणांनी अद्दिओपिझ्झो ही चळवळ सुरू केली. हप्ता न देणारी दुकानं, हॉटेलं दारावर त्यांचं स्टिकर लावतात आणि त्यांची यादी आणि नकाशा मिळतो. राहायची जागाही त्यातूनच निवड. आणि व्हिया नोतारबार्तोलोवर नक्की जा. बँकवाले काकांनी सांगितलेल्या त्याच नोतारबार्तोलोंच्या नावाचा रस्ता. फाल्कोने यांचं घर तिथेच होतं. दारासमोरच्या झाडाला लोक अजून चिठ्ठ्या लावतात.

निवृत्त_बँकवाला

हे मला माहीत नव्हतं. स्नेहलताई, माझ्या वतीने एक चिठ्ठी लावाल का? मजकूर व्यक्तिगत निरोपाने पाठवतो.

स्नेहल_न

नक्की, काका. मराठीतच लिहा.